आधी पाती, मग इंजिन

नोव्हेंबर १९०३. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांत राइट बंधूंचे विमान उभे होते. पंख तयार, सुकाणू तयार, इंजिनही तयार. पण विमान उडत नव्हते. इंजिन सुरू केले की ते अडखळत, आचके देत चाले आणि प्रत्येक आचका साखळीतून प्रोपेलरच्या दांड्यांपर्यंत पोहोचे. पहिल्याच चाचणीत दांडे असे दुखावले की ते दुरुस्तीसाठी डेटनला, घरच्या कारखान्यात, परत पाठवावे लागले. ते मजबूत होऊन आले, तर त्यांच्यावरची दातेरी चाके सैल पडू लागली. ती शेवटी सायकलचा टायर रिमला चिकटवायच्या सिमेंटने बसवली. महिनाअखेर पाहतात तर एका दांड्याला तडा. ऑर्व्हिल स्वतः आगगाडीने डेटनला गेला, स्प्रिंग स्टीलचे भरीव दांडे घडवून ११ डिसेंबरला परतला. १७ डिसेंबरला विमान उडाले.

शाळेच्या पुस्तकात १७ डिसेंबरची १२ सेकंदे येतात, त्याआधीचा हा महिना येत नाही. मोटारीचे इंजिन विमानाला बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाने मात्र हा महिना वाचलाच पाहिजे, कारण त्यात पुढच्या सव्वाशे वर्षांचे सगळे दुखणे आहे. राइट बंधूंचा मेकॅनिक चार्ली टेलर याने घडवलेले इंजिन त्या काळच्या मोटारींच्या इंजिनासारखेच होते : चार सिलिंडर, साधारण १२ अश्वशक्ती, मिनिटाला हजारेक फेरे. प्रोपेलर दोन, प्रत्येकी साडेआठ फूट व्यासाचे, आणि ते फिरत मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास. मधली जुळणी साखळीने केलेली. इंजिनाकडच्या चाकाला ८ दाते, प्रोपेलरकडच्या चाकाला २३. म्हणजे जगातल्या पहिल्या विमानातच इंजिनाचा वेग जवळजवळ तिपटीने उतरवून प्रोपेलरला दिला होता.

असे का केले, याचे उत्तर त्यांच्या कामाच्या क्रमात आहे. हवेत पुढे जायला किती ओढ लागेल हे त्यांनी आधी काढले. ती ओढ देणारा प्रोपेलर कसा असावा याचे गणित कुठेच तयार मिळेना, म्हणून महिनोन्‌महिने वाद घालून स्वतः मांडले. प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंख, हे त्यांनी ओळखले आणि त्यावरून किमान किती शक्तीचे इंजिन पुरेल ते ठरवले. आधी पाती, मग इंजिन. घरच्या कारखान्यात विमान बांधणारे बहुतेक जण आज याच्या उलट जातात. भंगारातून किंवा अपघातग्रस्त गाडीतून एक चांगले इंजिन मिळते, त्यावर जीव जडतो आणि मग त्याला साजेसा प्रोपेलर शोधायला सुरुवात होते. हा लेख त्या उलट्या क्रमाबद्दल आहे. तो का फसतो, कोणाचा जमून गेला आणि जमवायचा तर काय काय करावे लागते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

चेरी ग्रोव्हचा मेकॅनिक

मिनेसोटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात चेरी ग्रोव्ह नावाचे चिमुकले खेडे आहे. तिथल्या बर्नार्ड पीटनपोल या स्वयंशिक्षित मेकॅनिकला स्वस्तातले विमान हवे होते. विमानाचे इंजिन शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे, पण फोर्ड मोटारी गावोगाव धावत होत्या. १९२९ मध्ये त्याने फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीचे इंजिन आपल्या लाकडी, कापडमढ्या, दोन आसनी विमानाला बसवून उडवले. त्या विमानाचे नाव ‘एअर कॅम्पर’. मोटारीच्या इंजिनावर विमान चालत नाही, असे तेव्हा ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ मासिकाच्या संपादकाचे ठाम मत होते. एप्रिल १९३० मध्ये पीटनपोल आणि त्याचा एक सोबती दोन विमाने घेऊन थेट मिनियापोलिसजवळ उतरले आणि तो वाद तिथेच मिटला. १९३२ मध्ये त्याच प्रकाशनाच्या ‘फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल’मध्ये एअर कॅम्परचे नकाशे छापले गेले. त्या नकाशांवरून आजही विमाने बांधली जातात.

पीटनपोलला हे जमले यात त्याच्या हाताचे कौशल्य होतेच, पण इंजिनाची निवडही तितकीच महत्त्वाची होती. ‘मॉडेल ए’चे इंजिन ३.३ लिटरचे, लांब स्ट्रोकचे. त्याची शक्ती अवघी ४० अश्वशक्ती आणि तीही २२०० आरपीएमला. पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ, १००० आरपीएमलाच १७४ न्यूटन मीटर. हळू फिरणारे, जोरकस, गिअर कमी वेळा बदलावे लागावेत म्हणून घडवलेले इंजिन. प्रोपेलरला नेमके असेच इंजिन लागते. त्यामुळे मध्ये साखळी नाही, गिअर नाही, पट्टा नाही. प्रोपेलर सरळ क्रँकशाफ्टवर. तोही कुठल्या टोकाला, तर फ्लायव्हीलच्या. म्हणजे इंजिन उलटे फिरवून बसवलेले. क्रँकशाफ्टचे ते टोक जाड असते, तिथे भक्कम फ्लँज असतो आणि क्लचचा रेटा सोसण्याची सोय त्याच बाजूच्या बेअरिंगमध्ये असते. प्रोपेलरची ओढ तिथेच झेलली जाते.

प्रोपेलर लाकडी, दोन पात्यांचा, साधारण ७६ इंच व्यास आणि ४२ इंच पिच. पिच म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात, हवा मुळीच न सटकता, जितका पुढे जाईल ते अंतर. ४२ इंच म्हणजे १०७ सेंटिमीटर. मिनिटाला १९०० फेरे धरले तर ताशी १२२ किलोमीटर होतात. एअर कॅम्पर प्रत्यक्षात ताशी ११० ते ११५ किलोमीटरने उडते. मधला जो थोडा फरक राहतो, तोच ओढ निर्माण करतो, कारण पात्याला हवा थोडी तिरकी लागल्याशिवाय ते काही ढकलू शकत नाही. विमानाचा वेग, प्रोपेलरचे माप आणि इंजिनाचा नैसर्गिक वेग या तीन गोष्टी इथे एकमेकींशी जुळल्या. म्हणून ४० अश्वशक्तीत दोन माणसे हवेत गेली.

अश्वशक्ती कुठे जाते

आता आपल्या ओळखीचे इंजिन घेऊ. मारुती जिप्सी किंगमधले सुझुकीचे १३०० सीसी इंजिन ८० अश्वशक्तीचे. म्हणजे फोर्डच्या दुप्पट. पण ही शक्ती मिळते ६००० आरपीएमला. टॉर्क १०३ न्यूटन मीटर, तोही ४५०० आरपीएमला.

हे इंजिन पीटनपोलसारखे सरळ प्रोपेलरला जोडले तर काय होईल? सहा फूट व्यासाचा प्रोपेलर ६००० आरपीएमने फिरवायला गेलो तर पात्याचे टोक सेकंदाला पावणेसहाशे मीटर धावेल. ध्वनीचा वेग समुद्रसपाटीला सेकंदाला ३४० मीटर. पात्याचे टोक ध्वनीच्या वेगाजवळ आले की त्याच्याभोवती धक्कालहरी उठतात, प्रवाह पात्यापासून सुटतो, शक्ती ओढीत न जाता आवाजात आणि उष्णतेत जाते आणि पाते थरथरू लागते. म्हणून टोकाचा वेग ध्वनिवेगाच्या आठ-साडेआठ दशांशाच्या आत ठेवतात. सहा फुटी प्रोपेलरसाठी याचा अर्थ २७०० आरपीएमच्या आसपास थांबायचे. छोट्या विमानांची कारखान्यात बनणारी, प्रोपेलर सरळ जोडलेली बहुतेक इंजिने २७०० आरपीएमच्या आसपास कमाल शक्ती देतात, त्याचे मूळ कारण इंजिनात नाही, पात्याच्या टोकाला आहे. काँटिनेंटलचे ओ-२०० हे इंजिन ‘मॉडेल ए’इतकेच, ३.३ लिटरचे. ते २७५० आरपीएमला १०० अश्वशक्ती देते.

मग जिप्सीचे इंजिन २५०० आरपीएमलाच चालवू म्हटले, तर त्या वेगाला त्यातून ३५ अश्वशक्तीच्या आसपासच निघते. उरलेली ४५ कागदावर राहते. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. आधुनिक मोटारीच्या इंजिनाने आपली शक्ती फेऱ्यांतून कमावलेली असते. फेरे काढून घेतले की शक्तीही गेली.

प्रोपेलर किती शक्ती खातो याचेही एक कडक गणित आहे. आकार तोच ठेवला तर लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्के वाढवले तर शक्ती ३३ टक्के जास्त लागते. व्यास १० टक्के वाढवला तर ६१ टक्के जास्त. सहा फुटी प्रोपेलरऐवजी कुणाकडे पडून असलेला साडेसहा फुटी प्रोपेलर बसवला तर काय बिघडले, असे वाटते. बिघडते ते या पाचव्या घातामुळे. थोडे मोठे पाते इंजिनाला आपल्या वेगापर्यंत पोहोचूच देत नाही. पूर्ण थ्रॉटलला इंजिन कण्हत राहते, तापते, सिलिंडरमध्ये अवेळी भडका उडून टकटक सुरू होते. थोडे लहान पाते घेतले तर इंजिन भरारा फिरते, आवाज जोरदार येतो, विमान मात्र पुढे सरकत नाही. आवाजावर जाऊन इंजिनाची पारख करणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

सरळ जोडणीचा मोह

रिडक्शन, म्हणजे इंजिनाचा वेग उतरवून प्रोपेलरला देणारी मधली जुळणी, टाळायचे म्हणून अनेकांनी मधला मार्ग काढला. त्यात सर्वांत यशस्वी ठरले फोक्सवागन बीटलचे इंजिन. हवेने थंड होणारे, आडव्या समोरासमोर सिलिंडरांचे, हलके. रेडिएटर नाही, पाणी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात आणि पुढे अमेरिकेत शेकडो छोटी विमाने त्यावर उडाली. फ्रान्सच्या रोजे द्रुईनचे ‘टर्ब्युलंट’, केन रँडचे ‘केआर-१’, जॉन मॉनेटचे ‘सोनेराय’, सगळी याच कुळातली. इथे प्रोपेलर सरळ क्रँकशाफ्टवर आणि इंजिन ३२०० ते ३४०० आरपीएमला. टोकाचा वेग आवरायचा म्हणून प्रोपेलर लहान, ५२ ते ५४ इंचांचा.

ही तडजोड काय किंमत घेते ते पाहा. तीच शक्ती ५४ इंचांऐवजी ७२ इंचांच्या प्रोपेलरला दिली, तर उभ्या विमानाला मिळणारी आदर्श ओढ गणिताने २१ टक्के वाढते. मोठा प्रोपेलर जास्त हवा हळू ढकलतो, लहान प्रोपेलर थोडी हवा जोरात फेकतो. कमी वेगात, म्हणजे धावपट्टी सोडताना आणि वर चढताना, पहिला प्रकार केव्हाही फायद्याचा. म्हणून फोक्सवागनचे इंजिन हलक्या, निमुळत्या, वेगवान विमानांत खुलते आणि रुंद पंखांच्या, संथ, दोन आसनी विमानात गुदमरते. इंजिन तेच असते. विमान ज्या वेगाने उडते, त्या वेगाला ते पाते चालते की नाही, यावर सगळे ठरते.

शेव्हरोलेची ‘कॉर्व्हेर’ ही १९६० च्या दशकातली मोटार. तिचेही इंजिन हवेने थंड होणारे, सहा सिलिंडरांचे, २.७ लिटरचे. पीटनपोलने स्वतः पुढे आपल्या विमानाला हे बसवले. सहा सिलिंडरांमुळे ते मऊ चालते, सरळ जोडणीत १०० अश्वशक्तीच्या आसपास देते. पण त्याच्या इतिहासात एक धडा आहे. जास्त वेगाच्या विमानांत ते वापरले जाऊ लागल्यावर काही क्रँकशाफ्टना तडे गेले, काही मोडले. गाडीत क्रँकशाफ्टच्या टोकाला फक्त पीळ सोसायचा असतो. विमानात त्याच टोकाला फिरता प्रोपेलर लटकतो. विमान झटकन वळले किंवा नाक वर उचलले की तो जायरोस्कोपसारखा वागतो आणि प्रत्येक फेऱ्यात शाफ्टला वाकवतो. गाडीच्या अभियंत्यांनी हे ओझे कधी मोजलेलेच नव्हते, कारण ते नव्हतेच. उपाय म्हणून क्रँकशाफ्टच्या पृष्ठभागाला नायट्रायडिंग करून कडकपणा दिला गेला आणि प्रोपेलरजवळ एक जादा, पाचवे बेअरिंग बसवले गेले. इंजिनात बदल झाला तो पात्यामुळे.

पीळ, दाते आणि पट्टा

आता रिडक्शनकडे येऊ. सुबारूची आडवी चार सिलिंडरी इंजिने, माझदाचे १३बी रोटरी, होंडा फिटचे, म्हणजे आपल्याकडच्या जॅझच्या कुळातले इंजिन, सुझुकीची तीन आणि चार सिलिंडरांची ‘जी’ मालिका : ही सगळी विमानात उडाली आहेत. अमेरिकेत जिओ मेट्रो म्हणून विकली गेलेली गाडी ही सुझुकीचीच. जिप्सी आणि एस्टीमची १३०० सीसी इंजिने त्याच मालिकेतली. या सगळ्यांना मध्ये रिडक्शन लागते, दुपटीहून थोडे जास्त. ५५०० आरपीएमचे इंजिन २.२ च्या रिडक्शनने प्रोपेलरला २५०० देते आणि टॉर्क २.२ पट होऊन जातो. गणित सुटले असे इथे वाटते. खरे दुखणे इथून सुरू होते.

चार सिलिंडरी इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा ठोका देते. त्याचा टॉर्क कागदावर सरळ रेषा असला तरी प्रत्यक्षात ठोक्यांची मालिका असतो. गाडीत जड फ्लायव्हील, क्लचमधल्या स्प्रिंगा, लांब शाफ्ट आणि टायरचे रबर मिळून हे ठोके पचवतात. विमानात दुसऱ्या टोकाला प्रोपेलर आहे, म्हणजे आणखी एक मोठे फ्लायव्हील, आणि मध्ये एक आखूड, कडक शाफ्ट. दोन जड वस्तू आणि त्यांच्यामधला पिळला जाणारा दांडा. या जोडीची पिळण्याची स्वतःची एक लय असते. झोक्याला नेमक्या वेळी दिलेला हलका धक्का झोका उंच नेतो, तसे इंजिनाचे ठोके या लयीशी जुळले की पीळ वाढत वाढत सरासरी टॉर्कच्या कितीतरी पट होतो. दाते घासतात, पट्ट्याचे दात तुटतात, शाफ्टला चाव्यांच्या खाचेपासून तडा जातो. वैमानिकाला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, कारण हा कंप विमानाला हलवत नाही, तो दांड्याच्या आतल्या आत चालतो.

आकड्यांत पाहू. १५०० आरपीएमला चार सिलिंडरी इंजिन सेकंदाला ५० ठोके देते, ५५०० ला १८३. जोडीची नैसर्गिक लय सेकंदाला ५० असेल तर धोका १५०० आरपीएमला आहे. १२० असेल तर तो ३६०० ला, म्हणजे ऐन वापराच्या वेगात. म्हणून डिझायनरपुढे दोनच वाटा. एक तर मध्ये रबराचे किंवा स्प्रिंगचे मऊ कपलिंग घालून ही लय आयडलच्या खाली ढकलायची, नाहीतर सगळे इतके कडक करायचे की ती कमाल वेगाच्याही वर जावी. मधोमध राहिलेला माणूस अडचणीत येतो.

इथेच पाती पुन्हा मध्ये येतात. ही लय प्रोपेलरच्या जडत्वावर अवलंबून असते. एखाद्या बांधणाऱ्याचे रिडक्शन हलक्या लाकडी प्रोपेलरवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. मग तो हौसेने जड, तीन पात्यांचा, दिसायला देखणा प्रोपेलर बसवतो. इंजिन तेच, गिअर तेच, पण लय बदलली. रोटॅक्ससारखी विमानासाठीच इंजिने बनवणारी कंपनीदेखील प्रोपेलरचे जडत्व किती असावे याची मर्यादा आपल्या पुस्तकात घालून देते, शिवाय गिअरबॉक्समध्ये धक्के पचवणारा क्लच ठेवते. रिडक्शन विकणाऱ्याला पहिला प्रश्न अश्वशक्तीचा विचारू नये. तुमच्या या गिअरबॉक्सवर कोणत्या प्रोपेलरने, किती जडत्वाने, किती तास चाचणी झाली आहे, हे विचारावे. उत्तर आकड्यांत मिळाले नाही तर व्यवहार थांबवावा.

गुणोत्तर पूर्णांकात का नसते, हेही इथे समजते. बरोबर २ चे रिडक्शन ठेवले तर ठरावीक दाते ठरावीक दात्यांनाच भेटत राहतात आणि इंजिनाचा ठोका प्रोपेलरच्या फेऱ्यात दर वेळी त्याच जागी बसतो. २.१७, २.४३ असे वाकडे आकडे ठेवले की झीज सगळ्या दात्यांत वाटली जाते आणि ठोक्याची जागा सरकत राहते. फिरण्याची दिशाही इथेच ठरवावी लागते. दोन बाहेरच्या दात्यांचे गिअर दिशा उलटवतात, पट्टा उलटवत नाही. उजव्या हाताचा प्रोपेलर डाव्या फिरणाऱ्या शाफ्टला लावून चालत नाही, आणि प्रोपेलर उलटा फिरणारा असला तर उड्डाणाच्या वेळी विमान ज्या बाजूला ओढते ती बाजूही बदलते. वैमानिकाच्या पायाला सवय दुसरी असते.

खुंटीला बांधलेले विमान

सगळे गणित झाल्यावर पात्याची खरी जुळणी मैदानात होते. विमानाची शेपटी जमिनीत पक्क्या रोवलेल्या खुंटीला किंवा झाडाला दोराने बांधतात, दोरात वजनकाटा अडकवतात, चाकांना अडण्या लावतात. प्रोपेलरखालची जमीन झाडून घेतात. एक खडा उडाला तरी पात्याच्या पुढच्या धारेला खाच पडते आणि खाचेतून तडा सुरू होतो. प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कुणी उभे राहत नाही. पाते निखळले तर ते त्याच पातळीत जाते.

इंजिन सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून, इग्निशन बंद असल्याची दोनदा खात्री करून प्रोपेलर हाताने फिरवतात. पात्याच्या टोकाशी एक काठी रोवलेली असते. प्रत्येक पात्याचे टोक काठीच्या त्याच खुणेवरून गेले पाहिजे. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेला तर हबखाली काहीतरी वाकडे आहे. मग प्रत्येक पात्याचा कोन. जमिनीवर कोन बदलता येणाऱ्या कार्बन फायबरच्या प्रोपेलरची हीच सोय मोठी : हबचे बोल्ट सैल करायचे, पात्यावर ठरलेल्या अंतरावर डिजिटल कोनमापक टेकवायचे, हवा तो कोन ठेवायचा, पुन्हा टॉर्क रेंचने टाईट करायचे. पात्यापात्यांत फरक राहिला तर एक पाते जास्त ओढते आणि विमान थरथरते. तोल वजनाने अगदी नेमका असला तरी थरथरते.

मग पूर्ण थ्रॉटल. फेरे मोजायला पॅनेलवरच्या मीटरवर विसंबत नाहीत, प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर पात्यावर धरतात. त्यावर पात्यांची संख्या नीट लावावी लागते, नाहीतर दोन पात्यांवर लावलेल्या मीटरला तीन पात्यांचे फेरे दीडपट दिसतात. रिडक्शनच्या विमानात मीटरवर इंजिनाचे फेरे आहेत की प्रोपेलरचे, हे वहीत दर वेळी लिहितात.

समजा प्रोपेलरला २५०० फेरे अपेक्षित होते आणि उभ्या विमानात २३०० आले. फरक आठ टक्क्यांचा दिसतो. पण शक्ती फेऱ्यांच्या घनाने जाते, म्हणून प्रोपेलर २५०० ला जेवढी शक्ती घेतो त्यातली २२ टक्के इथे घेतलीच जात नाही. मात्र थोडी तूट हवीच असते. विमान हवेत वेगाने जाऊ लागले की पात्यावरचा भार उतरतो आणि फेरे आपोआप वाढतात. उभ्यानेच कमाल फेरे आले तर सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला इंजिन आपली मर्यादा ओलांडेल. स्थिर पिचच्या प्रोपेलरमध्ये चढाई आणि वेग यांपैकी एकच पूर्ण मिळते. ज्याची धावपट्टी आखूड आणि पुढे झाडे, त्याने चढाईचे पाते घ्यावे आणि ताशी दहा किलोमीटरचा वेग सोडून द्यावा.

लाकडी प्रोपेलरलाही मी कमी लेखणार नाही. मेपल किंवा बर्चच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवून, साच्यांनी मापे तपासत, पट्टीपट्टीतल्या डिंकाच्या रेषा दोन्ही पात्यांवर सारख्या वळत आहेत ना हे पाहत तो तासला जातो. त्या रेषा म्हणजे कारागिराचे नकाशेच असतात. एका पात्यावर रेष जरा वेगळी गेली की तिथे तासणी चुकली. लाकूड कंप पचवते, थकत नाही, आणि हलके असल्याने गिअरबॉक्सवर दया करते. धातूचा प्रोपेलर एका विशिष्ट इंजिनाबरोबर तपासलेला असतो. तो उचलून मोटारीच्या इंजिनाला लावला तर त्या ठोक्यांच्या लयीत त्याचे पाते थकून मोडू शकते, म्हणून अनुभवी माणसे ते टाळतात. लाकडाचा जाच एकच : ते हवेतला ओलावा घेते आणि सोडते. पावसाळ्यात फुगलेल्या हबवर टाईट केलेले बोल्ट उन्हाळ्यात सैल पडतात. कोकणातल्या दमट हवेत लाकडी प्रोपेलर असलेल्या माणसाने टॉर्क रेंच हाताशीच ठेवला पाहिजे.

व्यासाची वरची मर्यादा पुष्कळदा जमीनच ठरवते. अमेरिकी प्रमाणभूत नियमांत पात्याचे टोक आणि जमीन यांत नाकचाकाच्या विमानाला ७ इंच आणि शेपटीचाकाच्या विमानाला ९ इंच अंतर मागितले जात असे. हा आकडा विमानाच्या पायांची उंची ठरवतो. म्हणजे प्रोपेलरचा विचार पहिल्या दिवशी केला नाही तर पुढे चाकेही बदलावी लागतात.

२५ तास आणि ४० तास

अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केले असेल तर ते विमान ‘प्रायोगिक, हौशी बांधणीचे’ म्हणून नोंदले जाते. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुरू केलेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने ही चळवळ वाढवली. दर जुलैअखेर ऑशकॉशला तिचा मेळा भरतो. अशा विमानाला सुरुवातीचे काही तास लोकवस्तीपासून दूर, प्रवाशाविना, ठरलेल्या क्षेत्रातच उडावे लागते. इंजिन आणि प्रोपेलर यांची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५ तास. जोडी प्रमाणित नसेल तर ४० तास. नियम करणाऱ्यांनी इंजिन वेगळे आणि प्रोपेलर वेगळा असे पाहिले नाही, जोडी म्हणून पाहिले. दोघेही स्वतंत्रपणे उत्तम असून जोडी वाईट असू शकते, हे मान्य करणारा तो नियम आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरच्या बांधणीच्या विमानांवर केलेल्या अभ्यासातही इंजिन-प्रोपेलर यंत्रणेतले बिघाड आणि सुरुवातीच्या उड्डाणांतला धोका ठळकपणे मांडला आहे.

आपल्याकडे या छंदाला अजून तशी घडी बसलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. गच्चीपासून धावपट्टीपर्यंतची ती वर्षे फक्त कागदपत्रांच्या फेऱ्यांची वाटतात, पण एखादे यंत्र हवेत नेण्यापूर्वी कोणकोणते पुरावे गोळा करावे लागतात याचीही ती वर्षे आहेत.

माझे म्हणणे इथे स्पष्ट आहे. महाराष्ट्रात मोटारीच्या इंजिनाला हात लावू शकणारी माणसे भरपूर आहेत. कोल्हापूरच्या ओतशाळांत, पिंपरी-चिंचवडच्या यंत्रशाळांत, आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत गिअर कापणे, शाफ्ट घासणे, तोल साधणे ही रोजची कामे आहेत. कमी पडते ते प्रोपेलरचे ज्ञान आणि धीराने चाचणी करण्याची रीत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले दरवर्षी प्रकल्प म्हणून विमानाचा सांगाडा बांधतात, त्याला इंजिन बसवतात, छायाचित्र काढतात आणि प्रकल्प तिथे संपतो. त्याऐवजी एक चाचणी-चौथरा बांधावा. त्यावर जिप्सीचे जुने इंजिन, एक रिडक्शन, जमिनीवर कोन बदलता येणारा प्रोपेलर, ओढ मोजणारा लोडसेल आणि शाफ्टचा पीळ मोजणारा स्ट्रेन गेज बसवावा, भोवती भक्कम जाळी लावावी. मग पाते एकेका अंशाने फिरवत फेरे, ओढ, इंधन, तापमान आणि कंप यांची नोंद ठेवावी. लाकडी प्रोपेलर लावून पुन्हा. दोन पाती, तीन पाती, मऊ कपलिंग, कडक कपलिंग, सगळे पुन्हा. मोडेल ते जमिनीवर मोडू द्यावे आणि का मोडले ते लिहावे.

अशा शंभर तासांच्या वह्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून जमवल्या आणि सर्वांना खुल्या केल्या, तर पुढे विमान बांधायला निघालेल्या माणसाला अंदाजावर जीव टांगावा लागणार नाही. कोणते इंजिन घेऊ, असे विचारत तो येईल. त्याला आधी विचारावे : तुझे विमान किती वजनाचे, किती वेगाने उडणार, धावपट्टी केवढी, पात्याखाली जागा किती? या चार उत्तरांतून प्रोपेलर ठरतो, प्रोपेलरमधून फेरे आणि टॉर्क ठरतात, आणि मग इंजिनाची पाळी येते. राइट बंधू या क्रमाने गेले होते. त्यांच्याकडे १२ अश्वशक्ती होती आणि ती पुरली.